कुलाब्याचे प्रतिनिधी चिंतामणराव देशमुख

आपल्या ज्ञातीतील बहुतेक घरांत कै. चिंतामणराव देशमुखांचे नाव मुलांच्या कानी प्रथम पडते ते परीक्षेच्या दिवसांत. १९१२ साली मॅट्रिकला पहिले, १९१८ साली लंडनमध्ये आय. सी. एस.ला पहिले, पुढे रिझर्व बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, अशी ही पहिलेपणाची माळ वडीलधारी माणसे मुलांपुढे धरीत आली आहेत, आणि गणितात कच्च्या असलेल्या मुलांनी ती मान खाली घालून ऐकून घेतली आहे. आम्हीही त्यांपैकीच. त्या माळेतील एकही मणी खोटा नाही. परंतु ज्या चार-साडेचार वर्षांत चिंतामणराव लोकांनी निवडून दिलेले लोकसभेचे सभासद होते, त्या काळाविषयी विचारले असता, 'त्यांनी मुंबईसाठी राजीनामा दिला' एवढे एकच वाक्य ऐकावयास मिळते आणि संभाषण पुन्हा परीक्षेकडे वळते. स्मरणिकेतील ज्ञातिपुरुषांच्या चरित्रमालेत यंदा आम्ही चिंतामणरावांस घेतले आहे ते मुख्यतः ह्या वाक्याची नीट फोड करावी म्हणून. राजीनामा कोणी, कशासाठी आणि केव्हा दिला, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे वाटतात तितकी सोपी नाहीत.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी, मकरसंक्रांतीच्या सुमारास, महाड तालुक्यातील नाते ह्या गावी झाला. महाडहून रायगडाकडे जाणाऱ्या वाटेवरचे हे गाव आपल्या वाचकांपैकी अनेकांनी पाहिलेले असेल. वडील द्वारकानाथ गणेश देशमुख वकिली करीत. मातोश्रींचे नाव भागीरथीबाई. घराणे जमीनजुमला बाळगून असलेले, बालपण रोह्याकडे गेले, आणि पुढील शिक्षणासाठी मुलगा मुंबईस एल्फिन्स्टन हायस्कुलात आला. १९१२ च्या मॅट्रिकमध्ये त्याने मुंबई विद्यापीठात पहिला क्रमांक आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली. नंतर केंब्रिजचे जीझस कॉलेज. तेथे त्यांनी वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र हे विषय घेतले व वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक पटकाविले. पुढे ज्याने देशाचे अंदाजपत्रक मांडावयाचे त्याचे मूळ शिक्षण झाडापानांचे होते, ही गोष्ट आम्हांस नेहमीच गमतीची वाटत आली आहे. बागेची आवड मात्र त्यांस जन्मभर पुरली.

१९१८ साली आय. सी. एस.च्या परीक्षेत ते पहिले आले. त्या सुमारास लोकमान्य टिळक विलायतेत होते. सरकारी नोकरी सोडून देशकार्यात पडावे काय, हा प्रश्न ह्या तरुणाने लोकमान्यांपुढे ठेविला. लोकमान्यांनी सांगितले की नोकरी सोडू नका. उद्या स्वराज्य आले म्हणजे राज्य चालविण्याचा अनुभव असलेली माणसे लागतील. स्वतः मंडालेचा तुरुंग भोगून आलेल्या पुरुषाने दिलेला हा सल्ला आहे. चिंतामणरावांच्या पुढील आयुष्याकडे पाहिले की तो त्यांनी अक्षरशः पाळला असे दिसते. मात्र ह्या सल्ल्याला दुसरी बाजूही होती. स्वराज्याच्या लढ्यात जे तुरुंगात गेले त्यांच्या पंक्तीस हा मनुष्य कधीच बसू शकला नाही. काँग्रेसच्या सरकारात सहा वर्षे मंत्री असूनही तो काँग्रेसमध्ये वाढलेला नव्हता. १९५६ साली काय घडले ते समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेविली पाहिजे.

नोकरीची पहिली वीस वर्षे मध्यप्रांत-वऱ्हाडात गेली. तेथे ते जिल्ह्याचे अधिकारी होते, जमाबंदीचे अधिकारी होते, पुढे महसूल व अर्थखात्याचे सचिव झाले. मधल्या काळात, १९३१ साली, लंडनच्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या चिटणिसांत त्यांची नेमणूक झाली होती. आमच्या मते ह्या सर्वांत त्यांच्या स्वभावास वळण दिले ते जमाबंदीने. जमाबंदीचे काम म्हणजे गावोगाव हिंडून शेताशेताची प्रत, पीक, पाणी आणि कुळाचा हक्क ह्यांची नोंद पाहावयाची व तीवरून सारा ठरवावयाचा. ह्या कामात अधिकाऱ्याच्या मर्जीला जागा नसते. नोंद कोणी केली, कोणासमोर केली, ज्याच्यावर आकारणी बसणार त्यास विचारले की नाही, ह्यावर सर्व अवलंबून. ज्याने तरुणपणी असे काम केले त्याच्या हाडीमासी एक सवय भिनते: निर्णय बरा की वाईट हे पाहण्यापूर्वी तो कोणत्या रीतीने झाला हे तो विचारतो. आपल्या ज्ञातीत चिटणिशीची परंपरा आहे. तलवारीइतकाच लेखणीचाही आपण अभिमान बाळगतो. तेव्हा ह्या सवयीचे मोल आपल्या वाचकांस वेगळे सांगावयास नको.

१९३९ साली ते रिझर्व बँकेकडे आले. तेथे सेक्रेटरी, डेप्युटी गव्हर्नर अशा पायऱ्या चढत ११ ऑगस्ट १९४३ रोजी ते गव्हर्नर झाले. युद्धाचा काळ, बंगालचा दुष्काळ, चलनाचा महापूर आणि विलायतेत साचत चाललेली आपली स्टर्लिंग शिल्लक, असा तो समय होता. १९४४ च्या जुलैत अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे जी परिषद भरली, जिच्यातून आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक ह्या संस्था जन्मास आल्या, तिच्या भारतीय शिष्टमंडळात ते होते. तेथे भारतास चाळीस कोटी डॉलरांचा हिस्सा मिळाला. फाळणीनंतर ३० जून १९४८ पर्यंत ही एकच बँक दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक म्हणून काम पाहत होती. दोन सरकारे एकमेकांशी भांडत असताना दोघांचीही तिजोरी सांभाळावयाची, हे काम किती नाजूक असेल ह्याची कल्पना ज्यांनी वाटणी झालेल्या भावांचा सामाईक वाडा सांभाळला आहे त्यांस येईल. १ जानेवारी १९४९ रोजी बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्याच वर्षी ३० जूनला चिंतामणरावांनी गव्हर्नरपद सोडले.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्ञातिसंस्थांच्या स्मरणिकांतून ती सहसा गाळली जाते. १९२० साली चिंतामणरावांनी रोझिना विलकॉक्स ह्या इंग्रज युवतीशी विवाह केला. ज्ञातीबाहेर, धर्माबाहेर, देशाबाहेर असा हा विवाह त्या काळी आपल्या समाजात कोणत्या डोळ्यांनी पाहिला गेला असेल हे सांगण्याची गरज नाही. रोझिनाबाई १९४९ साली निवर्तल्या. २२ जानेवारी १९५३ रोजी त्यांनी दुर्गाबाईंशी दुसरा विवाह केला. दुर्गाबाई आंध्रातल्या, राजमहेंद्रीच्या. आठव्या वर्षी लागलेले लग्न जाणत्या वयात नाकारणाऱ्या, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास भोगलेल्या, वकील, घटना समितीच्या सभासद, आणि त्या वेळी नियोजन मंडळावर चिंतामणरावांच्या सहकारी. ह्या विवाहाच्या साक्षीदारांत पंडित नेहरू होते. आज आपण चिंतामणरावांस ज्ञातिभूषण म्हणून मिरवितो. त्यांनी स्वतः जोडीदार निवडताना दोन्ही वेळा ज्ञातीकडे पाहिले नाही, हे मिरवितानाही विसरू नये असे आम्हांस वाटते.

आता लोकसभेकडे वळू. १९५० साली डॉ. जॉन मथाई ह्यांनी नियोजन मंडळाच्या प्रश्नावरून अर्थमंत्रिपद सोडले आणि त्यांच्या जागी चिंतामणराव आले. मार्चमध्ये नेमल्या गेलेल्या नियोजन मंडळाचे ते सभासद होतेच. नोकरशाहीतला मनुष्य एकदम मंत्री झाला, तेव्हा सार्वत्रिक निवडणूक जाहीर होताच त्यास लोकांपुढे जाणे प्राप्त होते. काँग्रेसच्या तिकिटावर ते कुलाब्यातून उभे राहिले आणि १९५२ साली निवडून आले.

कुलाबा जिल्हा त्या वेळी सोपा नव्हता. चरीच्या शेतकऱ्यांचा १९३३ पासून १९३९ पर्यंत चाललेला संप लोकांच्या स्मरणात ताजा होता. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ साली झाला होता आणि शेतकरी कामगार पक्षाचे बळ जिल्ह्यात वाढत होते. जमीनदार घराण्यात जन्मलेल्या, जन्माचा अर्धा भाग विलायतेत, नागपुराकडे आणि बँकेत घालविलेल्या उमेदवारास अशा जिल्ह्याने निवडून द्यावे, ह्यात काँग्रेसच्या नावाचा मोठा वाटा होता हे कबूल केले पाहिजे. पण वाटा कोणाचाही असो, मत पडले की नाते जडते. गव्हर्नर बँकेला जबाबदार असतो, सचिव मंत्र्याला. खासदाराचे तसे नाही. रोहे, माणगाव, महाड, अलिबाग येथल्या माणसांनी पेटीत टाकलेल्या कागदांनी वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी चिंतामणरावांस पहिल्यांदाच एक नवा धनी मिळाला.

अर्थमंत्री म्हणून त्यांच्या कामगिरीचा पाढा आम्ही वाचीत बसत नाही. २,०६९ कोटी रुपयांची पहिली पंचवार्षिक योजना त्यांच्याच कारकिर्दीत मार्गी लागली आणि देशाची घडी फारशी न विस्कटता पार पडली. १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. पाच वर्षांत चारशे नव्या शाखा उघडण्याचे बंधन तिच्यावर कायद्यानेच घालण्यात आले. तालुक्याच्या गावी सावकाराखेरीज दुसरे दार नसलेल्या शेतकऱ्यास ह्याचा अर्थ चांगला कळत होता. कंपन्यांचा नवा कायदा, वारसाहक्काच्या मालमत्तेवरील कर, हीही त्याच काळातली. सभागृहात त्यांची भाषणे आकड्यांनी भरलेली असत, आणि मधूनच एखादे संस्कृत सुभाषित येई. मेघदूताचे मराठी भाषांतर करणारा दुसरा अर्थमंत्री आमच्या माहितीत नाही.

अशी ही घडी बसत असतानाच भाषावार प्रांतरचनेचा प्रश्न उभा राहिला. फाजल अली, कुंझरू आणि पणिक्कर ह्यांच्या आयोगाने ३० सप्टेंबर १९५५ रोजी अहवाल दिला. बहुतेक भाषांना आपापली राज्ये मिळाली. मराठी आणि गुजराती ह्यांस मात्र मुंबईसह एका द्वैभाषिकात घालावे व विदर्भ निराळा ठेवावा, अशी शिफारस झाली. ती कोणासच रुचली नाही. नोव्हेंबरात काँग्रेस श्रेष्ठींनी महाराष्ट्र, गुजरात आणि स्वतंत्र मुंबई शहर अशा तीन राज्यांची टूम काढली. त्याच महिन्यात मुंबईत गोळ्या चालल्या. १६ जानेवारी १९५६ रोजी पंडित नेहरूंनी नभोवाणीवरून जाहीर केले की मुंबई केंद्रशासित राहील. त्यापुढील आठवडा मुंबईने रक्तात काढला.

त्या आठवड्यात गिरणगावात काय झाले हे आपल्यापैकी कित्येक कुटुंबांनी वडिलांकडून, आजोबांकडून ऐकले असेल. कुलाब्याचा आणि मुंबईचा संबंध नकाशावर खाडीपलीकडचा दिसतो. प्रत्यक्षात तो एका घरातल्या दोन खोल्यांसारखा होता. माणूस लालबाग-परळच्या गिरणीत, बायकोमुले माणगावास किंवा म्हसळ्यास, रेवस आणि धरमतरच्या बोटींनी येणारे-जाणारे तांदूळ, आमसुले आणि निरोप. मुंबईवर गोळी चालली की तिचा आवाज रोह्यास ऐकू जात असे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या संबंध लढ्यात शंभरावर माणसे बळी पडली. त्यांतील फार मोठा भाग ह्या एका जानेवारीतला आहे.

आणि ह्याच आठवड्यात, १९ जानेवारीच्या संध्याकाळी, कुलाब्याचे प्रतिनिधी आणि देशाचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख नभोवाणीवर बोलले. विषय मुंबई नव्हता. आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण करणारा वटहुकूम निघाला होता आणि तो ते देशास समजावून सांगत होते. १७० विमा कंपन्या आणि ७५ भविष्यनिर्वाह संस्था त्या वटहुकमाने सरकारच्या व्यवस्थेखाली आल्या. पुढे सप्टेंबरात ह्यातूनच आयुर्विमा महामंडळ उभे राहिले.

ही तारीख प्रथम लक्षात आली तेव्हा आम्ही चपापलो, हे लपवीत नाही. एकीकडे परळला प्रेते उचलली जात असताना दुसरीकडे आपला प्रतिनिधी विम्याच्या पॉलिसीविषयी बोलत आहे, हे चित्र पचण्यासारखे नाही. त्या काळच्या टीकाकारांनाही ते पचले नव्हते. राजीनामा द्यावयाचा तर तो त्याच आठवड्यात का दिला नाही, हा प्रश्न आजही रास्त आहे. ह्यावर सांगावयाचे ते इतके की राजीनामा देण्याची इच्छा चिंतामणरावांनी जानेवारीतच पंडितजींना कळविली होती आणि ती थांबवून धरण्यात आली. विम्याचा बेत मोठ्या गुप्ततेने आखलेला होता. तो फुटला असता तर कंपन्यांतील पैशाला रातोरात पाय फुटले असते. लाखो विमेदारांचा पैसा आधी सुरक्षित करावयाचा आणि मग आपल्या मनाचे पाहावयाचे, असा क्रम त्यांनी लाविला असावा असे आमचे अनुमान आहे. अनुमान खरे असले तरी ज्यांच्या घरचे माणूस गेले त्यांच्यापुढे ते मांडण्याचे धैर्य आम्हांस नाही.

त्यानंतर सहा महिने गेले. फेब्रुवारीत पुण्यास संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. अर्थमंत्र्यांनी त्या वर्षीचे अंदाजपत्रक मांडले. ३ जून रोजी मुंबईत काँग्रेसच्या महासमितीच्या वेळी पंडितजींनी सांगितले की मुंबई पाच वर्षे केंद्राच्या कारभाराखाली राहील आणि मग लोकांचे मत घेतले जाईल. गोळीबाराची न्यायालयीन चौकशी करावी ही मागणी मान्य झाली नाही. राज्यपुनर्रचनेचे विधेयक लोकसभेपुढे आले आणि जुलैत चिंतामणराव मंत्रिमंडळातून बाहेर पडले. २५ जुलै १९५६ रोजी त्यांनी लोकसभेत आपले निवेदन केले.

हे निवेदन महाराष्ट्रात गाजले ते त्यातील एका आरोपामुळे. गोळीबाराची चौकशी नाकारण्यामागे महाराष्ट्राविषयीचा आकस आहे, असे केंद्राच्या मंत्रिमंडळात सहा वर्षे बसलेल्या, जिभेवर कमालीचा ताबा असलेल्या माणसाने भर सभागृहात म्हटले, तेव्हा मराठी माणसास आपले दुःख कोणीतरी मोठ्या दरबारात मांडले असे वाटले. त्यांच्या नावाचा जयजयकार झाला तो ह्यासाठी, आणि तो योग्यच होता.

पण निवेदनाचा कणा दुसरीकडे आहे. चिंतामणरावांची मुख्य तक्रार अशी की मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय मंत्रिमंडळापुढे रीतसर आलाच नाही. तो मोजक्या व्यक्तींनी घेतला, पंतप्रधानांनी जाहीर केला, आणि मंत्रिमंडळाच्या नावावर तो खपविला गेला. असा प्रकार हा एकच नव्हे, हेही त्यांनी सांगितले. मंत्रिमंडळाची जबाबदारी सामुदायिक असते. एका मंत्र्याच्या निर्णयाचे ओझे सर्वांनी वाहावयाचे, सभागृहात त्याच्या बाजूने मत द्यावयाचे, अशी ती रीत. ज्यास विचारलेच नाही त्याने ओझे कोणत्या न्यायाने वाहावे? आणि आपल्या मतदारांस तोंड कसे दाखवावे? जमाबंदीच्या अधिकाऱ्याचा हा प्रश्न आहे: नोंद कोणासमोर झाली, ज्याच्यावर आकारणी बसणार त्यास विचारले होते काय?

पंडितजींनी उत्तर दिले की धोरण सांगण्याचा अधिकार पंतप्रधानास आहे. त्यांच्या बाजूनेही म्हणण्यासारखे पुष्कळ होते. प्रश्न वर्षभर काँग्रेसमध्ये, मंत्र्यांमध्ये, प्रांतांच्या पुढाऱ्यांमध्ये चघळला जात होता. चिंतामणरावांस काहीच ठाऊक नव्हते असे नव्हे. पक्षात वाढलेल्या माणसास खाजगी बैठकीत झालेली चर्चा पुरेशी वाटते. चिंतामणरावांस ती पुरली नाही, कारण ते पक्षात वाढलेले नव्हते. टिपणी, कार्यक्रमपत्रिका, मत आणि सही ह्यांवाचून झालेला निर्णय त्यांच्या लेखी निर्णयच नव्हता. कोणी ह्यास कारकुनी म्हणेल. आमचे मत असे की त्या दिवशी ही कारकुनीच मुंबईच्या उपयोगी पडली. भावनेने बोलणारे पुष्कळ होते, त्यांना 'प्रांतीय' म्हणून बाजूस सारता येत होते. ज्याने आयुष्यभर प्रांताचे नाव काढले नाही, ज्याची पत्नी तेलुगू, ज्याचे शिक्षण केंब्रिजचे, अशा माणसाने घटनेच्या रीतीवर बोट ठेविले तेव्हा त्यास त्या नावाने बाजूस सारणे कठीण झाले. गोळीबाराच्या चौकशीची मागणीही ह्याच जातीची होती: कोण दोषी हे आधी ठरवू नका, पण नोंद तरी करा.

आम्हांस ह्या निवेदनात त्यांचे दोन धनी एकत्र आलेले दिसतात. मंत्री म्हणून ते रीतीशी बांधलेले होते आणि खासदार म्हणून कुलाब्याशी. चार वर्षे हे दोन्ही पट्टे एका खांद्यावरून गेले, कारण विमा, बँक, योजना ह्यांत कुलाब्याचे आणि देशाचे हित वेगळे पडत नव्हते. जुलैत विधेयकावर हात वर करण्याची वेळ आली, तेव्हा दोन्ही धन्यांनी एकच उत्तर मागितले.

पुढील घटना लवकर घडल्या. ऑगस्टमध्येच लोकसभेने सूत्र बदलले आणि मुंबईसह विशाल द्वैभाषिक राज्य मंजूर केले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते अस्तित्वात आले. म्हणजे ज्या केंद्रशासित मुंबईविरुद्ध चिंतामणरावांनी मंत्रिपद टाकले, ती प्रत्यक्षात आलीच नाही. ह्याचे श्रेय एकट्या राजीनाम्यास देणे रस्त्यावर मेलेल्यांवर अन्याय करणे होईल. पण त्याचा काहीच परिणाम झाला नाही असेही कोणी म्हणणार नाही. १९५७ च्या निवडणुकीत कुलाब्याची जागा काँग्रेसच्या हातून गेली. चिंतामणराव त्या निवडणुकीत नव्हते. समितीच्या व्यासपीठावर चढून दिल्लीवर पुन्हा स्वारी करावी असे त्यांच्या मनात आले नाही. लोकप्रियता शिखरावर असताना त्यांनी ती वापरली नाही. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला तेव्हा ते दिल्लीत विद्यापीठांच्या कारभारात गुंतले होते.

१९५६ सालीच ते विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष झाले होते. ज्या सरकारवर त्यांनी घटनाभंगाचा ठपका ठेविला त्याच सरकारने हे पद दिले आणि त्यांनी ते घेतले, ह्याविषयी महाराष्ट्रात काही लोक नाराज होते. आम्हांस त्यात वावगे दिसत नाही. उलट दोन्ही बाजूंचा मोठेपणा दिसतो. अर्थात तोंड बंद ठेवण्याची अट त्यात नव्हती. १९५९ साली मंत्र्यांच्या भ्रष्टाचाराची चौकशी करण्यासाठी उच्च दर्जाचे कायम न्यायासन असावे अशी मागणी करून त्यांनी दिल्लीची पुन्हा एकदा झोप उडविली. त्याच वर्षी त्यांस मॅगसेसे पारितोषिक मिळाले. १९६२ ते १९६७ ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. नोकरी करीत शिकू इच्छिणाऱ्यांसाठी टपालाने शिक्षण देण्याची सोय तेथे त्यांच्या काळात सुरू झाली. दिल्लीतील इंडिया इंटरनॅशनल सेंटर ही संस्था त्यांनी उभारली. गांधीजींची वचने त्यांनी संस्कृत श्लोकांत आणिली, अमरकोशाचे संपादन केले आणि १९७४ साली इंग्रजीत आत्मचरित्र प्रसिद्ध केले.

१९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ ह्यांच्या पाठिंब्याने ते उभे राहिले. गिरी आणि संजीव रेड्डी ह्यांच्या झुंजीत ते तिसरे आले. त्यांच्या पारड्यात १,१२,७६९ मतमूल्य पडले. पहिल्या क्रमांकांची माळ जपणाऱ्या आपल्या घरांतून हा तिसरा क्रमांक सहसा सांगितला जात नाही. १९७५ साली त्यांस पद्मविभूषण मिळाले. अखेरची वर्षे दुर्गाबाईंसमवेत हैदराबादेत गेली. दुर्गाबाई ९ मे १९८१ रोजी वारल्या आणि २ ऑक्टोबर १९८२ रोजी, गांधीजयंतीच्या दिवशी, चिंतामणरावांनी हैदराबाद येथेच देह ठेविला. तोपर्यंत कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झालेले होते. लोकसभेच्या मतदारसंघाचे कुलाबा हे नाव मात्र २००९ च्या निवडणुकीपर्यंत टिकले.

हा लेख सिद्ध करताना एक उणीव आम्हांस सारखी जाणवली. चिंतामणरावांच्या अर्थखात्याविषयी, बँकेविषयी लिखित साधने विपुल आहेत; कुलाब्याच्या त्यांच्या १९५२ च्या प्रचाराविषयी मात्र हाती फारच थोडे लागते. ते कोणकोणत्या गावी गेले, मराठीत सभेत काय बोलले, कोणाच्या ओटीवर उतरले, लोकांनी त्यांस काय विचारले, हे सांगणारी पिढी आता जवळजवळ संपली आहे. नाते, रोहे, तळे, महाड, पेण, अलिबाग येथील ज्या ज्ञातिबांधवांच्या घरी त्या निवडणुकीची पत्रके, छायाचित्रे, चिंतामणरावांची पत्रे किंवा जुलै १९५६ मध्ये त्यांस पाठविलेल्या अभिनंदनाच्या तारांच्या नकला असतील, त्यांनी मूळ कागद स्वतःजवळ ठेवून केवळ प्रती संस्थेच्या कार्यालयाकडे धाडाव्यात. पुढील अंकासाठी त्यांचा उपयोग करण्याचा आमचा मानस आहे.